रौफ सरांची विमानं

रौफ सर ज्या जीपमध्ये असतील त्या जीपमध्ये खिडकीकडची जागा धरायची आणि तोंड बाहेर करून बसायचं, हे मी नोकरीच्या पहिल्याच महिन्यात ठरवलं. उपयोग शून्य. सर मागच्या सीटवरून हात लांब करायचे, माझं नाक आणि खिडकीची काच यांच्या मधोमध एक फोटो आणून धरायचे आणि म्हणायचे, "मॅडम, हा डावीकडून दुसरा पहा. रुसलेला हाये का न्हाई?"

सकाळची वेळ, जीपमध्ये सोसायचं तेवढं सोसून बसलेली माणसं, कुणाची पिशवी माझ्या पायावर, आणि हे विचारतायत की तो रुसला आहे का. मी म्हणायची, "असेल." तेवढ्यानं त्यांचं भागत नसे. "असेल न्हाई. नीट पहा. शेजारच्यानं कोपर मारलंय त्याला."

फोटो नेहमी एकाच तऱ्हेचा. मागं मोठं विमान, त्याचा फक्त पुढचा भाग दिसतोय. त्या भागाला सर विमानाचं नाक म्हणत. नाकावर रंगानं काढलेलं चित्र: बूट घातलेलं बदक, सिगारेट ओढणारी मगर, नाही तर पाय वर घेऊन बसलेली एखादी नखरेल बाई. शेजारी वळणदार अक्षरात विमानाचं नाव. आणि चित्राखाली आठ-दहा तरणी पोरं, मागची उभी, पुढची गुडघ्यावर. दुसऱ्या महायुद्धातली ही बॉम्बफेकी विमानं आणि ही त्यांच्यातून जाणारी माणसं. सर त्यांना 'क्रू' म्हणत. हे लोक आपल्या विमानाला नाव ठेवत, चित्र काढून घेत आणि त्याखाली उभं राहून एकत्र फोटो काढत. कारण पुढच्या खेपेला त्यातले किती परत येतील ते कुणालाच माहीत नसे.

आम्ही दोघं जालन्याचे. सर मस्तगडला राहायचे, मी स्टेशनच्या बाजूला. टेंभुर्णीच्या पुढं, फाट्यावरून आत असलेल्या एका गावच्या शाळेत मी मराठी शिकवायची आणि ते चित्रकला. तरुणपणी त्यांना रद्दीच्या दुकानात एक फाटकं इंग्रजी मासिक सापडलं होतं, त्यात असा एक फोटो होता. तिथून जे सुरू झालं ते त्यांच्या बायकोला, नसीमभाभींना, जन्मभर पुरलं. घरातल्या कपाटात कपडे कमी आणि विमानं जास्त, असं त्या म्हणायच्या. मोबाईल आल्यावर तर सरांना रानच मोकळं झालं.

एखाद्याला वाटेल की हा माणूस विमानांचा मोठा जाणकार असणार. अजिबात नाही. मी एकदा कंटाळून विचारलं, "सर, हे विमान कोणतं?"

"बॉम्बचं."

"ते कळलं. पण कोणत्या बनावटीचं? कुठं जायचं?"

"मला काय माहीत? तुम्ही तोंडं पहा न."

त्यांना चित्र आणि चेहरे एवढ्यातच रस. कोण घाबरलाय, कोण घाबरलेला नाही असं दाखवतोय, कुणाला घरून पत्र आलंय. सगळं स्वतःच ठरवायचे आणि आपण कबूल करेपर्यंत पिच्छा सोडायचे नाहीत. ही चित्रं कागदावर उतरवून त्यांनी एकदा शाळेत प्रदर्शन मांडलं; त्यातल्या बायकांवरून तक्रार झाली तेव्हा त्यांनी त्या सगळ्यांना रातोरात नऊवारी नेसवली. विमानाच्या नाकावर काष्टा घालून पाय वर केलेली बाई पाहिली आणि तक्रार करणारेच हसत सुटले. सरांना मात्र त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. "साडी बराबर नेसवली का न्हाई, तेवढं सांगा," एवढंच मला विचारत होते.

आमची जीप गजाननची. फाट्याजवळच्या वस्तीवर राहणारा, तिशीतला, बोलका माणूस. जीपला नवा रंग दिला तेव्हा त्यानं सरांना पुढं काहीतरी चांगलं लिहून मागितलं. त्याच्या मनात देवीचं नाव होतं. सर म्हणाले, "ते तर सगळ्याच जीपवर अस्तं. तुझी जीप वेगळी कशी कळावी? तुझ्या घरात सगळ्यात भारी कोण, सांग."

गजानन थट्टेनं म्हणाला, "म्हैस. तिच्यावरच घर चालून राह्यलं."

एवढ्यावर सर थांबायला हवे होते. एका शनिवारी शाळा सुटल्यावर त्यांनी बॉनेटच्या कडेला म्हैस काढायला घेतली. पंख असलेली. डोळ्यावर वैमानिकाचा चष्मा, शेपूट वर, आणि खाली लफ्फेदार अक्षरात 'राणी'. आम्ही बारा-पंधरा माणसं उन्हात रस्त्याच्या कडेला उभी. एक म्हातारी दवाखान्यात निघालेली. मी म्हटलं, "सर, उद्या पुरी करा." ते ब्रश न उचलता म्हणाले, "डोळा राह्यलाय. डोळा अर्धा ठेवून गाडी न्यायची न्हाई."

जाफराबादच्या स्टँडवर लोक गजाननला "ए म्हैसवाल्या" म्हणून हाका मारू लागले. तो आठवडाभर सरांशी बोलला नाही. पुढं केव्हातरी त्यानं जीप पुन्हा रंगवून घेतली. म्हैस तेवढी सोडून बाकीची. मी कारण विचारलं तर म्हणाला, "पॅसेंजर लांबून वळखून राह्यलेत, मॅडम." आणि दुसरीकडं पाहू लागला.

खरात सर म्हणजे आमचे मुख्याध्यापक निवृत्त झाले त्या दिवशीचा प्रकार तर मला अजून संताप आणतो. मधोमध खुर्ची मांडली होती, त्यावर शाल टाकली होती. फोटो काढायचं काम रौफ सरांकडं. आल्या आल्या त्यांनी खुर्ची उचलून बाजूला ठेवली.

"क्रूच्या फोटोत खुर्ची नस्ती."

"रौफ सर, आपण शाळेत आहोत," मी म्हटलं.

"म्हणूनच न. विमानात तरी दहा माणसं अस्तात, इथं बारा हायेत." मग त्यांनी आम्हाला मोजलं. "खिचडीवाल्या मावशी कुठंयत?"

खिचडी शिजवणाऱ्या मावशी घरी गेल्या होत्या. सर स्वतः त्यांना आणायला गेले. आम्ही हारतुऱ्यांसकट उभे. पेढ्यांना मुंग्या लागल्या. मावशी आल्या त्या लुगडं बदलून आल्या, कारण फोटोला तसंच कसं यायचं. मग सरांनी खरात सरांना पुढच्या रांगेत गुडघ्यावर बसायला सांगितलं.

"माझे गुडघे दुखतात हो," खरात सर काकुळतीला आले.

"कॅप्टन पुढंच बस्तो, सर. बस एक मिनट. जल्दी."

ते एक मिनिट कसलं! कुणाचे डोळे मिटले, कुणाची मान वाकडी झाली, करता करता खरात सर बसलेले उठेनात. दोघांनी बगलेत हात घालून त्यांना उभं केलं. त्या फोटोत आम्ही सगळे रागावलेले आहोत. एकट्या मावशी हसतायत. कुणीतरी म्हणालं, रौफ सर, आता मी काढतो, तुम्ही या. तर म्हणाले, "मी न्हाई. मी जमिनीवरचा माणूस." याचा अर्थ विचारायचंही त्राण आमच्यात नव्हतं.

एकदा मात्र मी त्यांचं बोलणं बंद केलं. दोन दिवस जीपमध्ये शांतता होती आणि ती मला हवी होती, तरी सुखाची वाटली नाही. झालं असं की सर एका फोटोवर फार खूश होते. विमानाच्या नाकावर चित्राशेजारी छोटे छोटे बॉम्ब रंगवलेले होते. एक मोहीम झाली की एक बॉम्ब रंगवायचा, असा रिवाज. सर ते मला बोटानं दाखवत होते. माझ्या घरी आजारपण होतं, झोप झालेली नव्हती. मी म्हटलं, "सर, हे बॉम्ब कुठंतरी पडले असतील ना? खाली माणसं असतील. बायका-पोरं असतील. त्यांचा फोटो आहे तुमच्याकडं?"

सरांनी हात मागं घेतला. फोटो खिशात गेला.

तिसऱ्या दिवशी जीपमधून उतरल्यावर फाट्यापासून शाळेपर्यंत आम्ही चालत होतो. सर म्हणाले, "मॅडम, तुम्ही विचारल्तं ते शोधलं मी. न्हाई सापडला. जे सापडले ते जळालेल्या घरांचे हायेत, वरून काढलेले. तोंड एकाचंबी दिसत न्हाई."

"मग?"

"मंग काय? नसीमबी हेच म्हणती. ह्या पोरांनी लोक मारले, ते खरंय. ही पोरंबी मेली, तेबी खरंय. मला ह्याचं गणित जमत न्हाई. मी तोंडं पाहतो." थोडं पुढं जाऊन ते थांबले. "ते छोटे बॉम्ब मात्र आता मी काढत न्हाई. चित्र उतरवून घेताना ती जागा कोरी ठेवतो."

मला वाटलं, चला, आता हे फोटो थांबतील. दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीत हात हजर. "मॅडम, हा उजवीकडचा पहा. जुळा भाऊ वाटतो का न्हाई त्याचा?"

मग कोरोना आला. शाळा बंद झाली, जीपा बंद झाल्या. आम्हा शिक्षकांना गावच्या आरोग्य केंद्रावर ड्युटी लागली: पुण्या-मुंबईहून परतलेल्या लोकांची नावं लिहायची, ताप पाहायचा. गजाननला घर चालवायचं होतं, तो तिथल्या रुग्णवाहिकेवर कंत्राटी ड्रायव्हर म्हणून लागला. त्याच्या जोडीला सुनीता सिस्टर आणि काशिनाथ काका नावाचे साठीला आलेले कर्मचारी. ही तिघं दिवसातून कितीदा तरी जालन्याला जायची आणि यायची. गावातले लोक त्यांना पाहून दारं लावून घेत. गजाननला वस्तीवर विहिरीचं पाणी भरू देत नव्हते.

रौफ सरांनी हे पाहिलं आणि रंगाचे डबे घेऊन आले.

मी कपाळावर हात मारला. "सर, सरकारी गाडी आहे ती."

"मला माहीत हाये."

"डॉक्टर नोटीस देतील."

"देऊ द्या."

त्यांनी रुग्णवाहिकेच्या पुढच्या दाराखाली कोंबडी काढली. पंख पसरून, मान खाली घालून अंगावर धावून येणारी, खुडूक झालेली कोंबडी. ती कल्पना सुनीता सिस्टरची. "आमच्या आईची अशीच होती," त्या म्हणाल्या, "कुत्रं जवळ येऊ देत नव्हती." सर चित्र काढत होते तोवर गजानन दुसऱ्या बाजूनं येऊन येऊन पाहून जायचा. इतक्या दिवसांत त्याला हसताना मी तेव्हाच पाहिलं. डॉक्टर संध्याकाळी आले, पाहिलं, आणि उद्या सकाळपर्यंत हे पुसून टाका म्हणाले. त्यांचंही बरोबर होतं. त्यांनाही वर उत्तर द्यायचं होतं.

दुसऱ्या दिवशी पुसण्याआधी सरांना फोटो हवाच होता. केंद्राच्या मोकळ्या अंगणात त्यांनी तिघांना कोंबडीखाली उभं केलं, अंतर ठेवून, आणि म्हणाले, "आता मास्क काढा. एक मिनट."

त्यांचं एक मिनिट मला माहीत होतं. मी ओसरीवरून ओरडले, "सर, वेडे झालात का? घाला ते मास्क!"

"तोंडाबिगर क्रूचा फोटो अस्तो का, मॅडम?"

तिघांनी मास्क उतरवले. आणि ऐन वेळी काशिनाथ काका सरकले आणि त्यांनी गजाननच्या खांद्यावर हात टाकला. मी पुन्हा ओरडले. गजानन हसला. सरांनी फोटो काढला. मग त्यांनी फडकं आणि रॉकेल घेतलं आणि स्वतःच कोंबडी पुसली.

दुसऱ्या लाटेत गजानन गेला. जालन्याच्या दवाखान्यात. घरच्यांना चेहरासुद्धा नीट पाहता आला नाही.

त्याची बायको सविता हिचा मला फोन आला. तिचं रडून झालेलं होतं, आवाज कोरडा होता. "मॅडम, ह्यांचा एकबी चांगला फोटो न्हाई. आधार कार्डावरचा हाये, त्यात वळखूच येत न्हाईत. सरांकडं हसता हाये म्हणे. तेराव्याला ठेवायचाय. एकट्याचा करून द्या म्हणावं."

मी लगेच सरांना फोन लावला. ते म्हणाले, "एकट्याचा न्हाई व्हायचा."

"का नाही? मोबाईलवर कुणीही कापून देईल."

"क्रूचा फोटो कापत न्हाईत, मॅडम."

माझा तोल गेला. इतक्या वर्षांचं साठलेलं सगळं बाहेर आलं. म्हटलं, ते पुस्तकातले गोरे सोल्जर नाहीत सर, हा आपला गजानन आहे. त्याची बायको फोटो मागतेय. तुमचं हे वेड तुमच्यापाशी ठेवा आणि तिला तिचा नवरा द्या. ते ऐकत राहिले. एवढंच म्हणाले, "मी येतो तेराव्याला."

ते आले. वर्तमानपत्रात गुंडाळलेली मोठी फ्रेम काखेत धरून. सुनीता सिस्टर आणि काशिनाथ काकाही आले होते, दाराबाहेर उभे होते. सरांनी कागद सोडला. अख्खा फोटो. तिघंही. मागं कोंबडी.

गजाननचा थोरला भाऊ पुढं आला. "हे काय आणलं, सर? जित्या माणसांच्या फोटोला हार घालायचा का? अपशकुन हाये."

त्याचं चुकत नव्हतं. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. सर फ्रेम धरून नुसते उभे. ना पुढं देतायत, ना मागं घेतायत.

सुनीता सिस्टर दारातूनच म्हणाल्या, "घाला हो हार. मला काय होत न्हाई त्यानं. रोज काय काय पाहून राह्यले मी."

"तुला न्हाई होत," काशिनाथ काका म्हणाले, "माझं वय पहा की."

कुणीतरी हसलं. त्या घरात, त्या दिवशी. ते हसू ऐकून सविता आतून बाहेर आली. तिनं सरांच्या हातातून फ्रेम घेतली आणि पदरानं काच पुसली. बराच वेळ पाहत राहिली. गजानन कडेला होता, रुग्णवाहिकेच्या दाराजवळ. तिनं ताटातला मोठा हार बाजूला ठेवला, दोन-तीन शेवंतीची फुलं दोऱ्यात ओवली आणि तेवढा लहानसा हार फ्रेमच्या त्या एका कोपऱ्याला बांधला. गजाननच्या डोक्यावर येईल असा. दुसऱ्या कुणावर नाही.

थोरल्या दिराला म्हणाली, "आता कुणाला काय होत न्हाई."

फोटो भिंतीशी ठेवला गेला.

परत येताना फाट्यापर्यंत आम्ही दोघंच चालत होतो. माझा राग उतरला नव्हता. म्हटलं, "सर, ती बाई शहाणी निघाली म्हणून निभावलं. नाहीतर काय केलं असतं तुम्ही?"

सर खाली पाहून चालत होते. "कापणार होतो, मॅडम. कैची घेऊन बसल्तो. मोठी कॉपी काढून आणली, समोर ठेवली. पण काशिनाथचा हात होता न खांद्यावर. गजाननला काढला का तो हात त्याच्याबरोबर येतो. नुसता हात. त्याच्या बायकोनं विचारलं, पोरीनं विचारलं, हा कुणाचा हात, तर काय सांगायचं? आणि हात काढून टाकावा तर खांदा जातो. त्या दिवसांत त्याला शिवायला कुणी तयार नव्हतं. एक हात पडला त्याच्या अंगावर. तो मी कसा कापू?"

मी रस्त्यातच थांबले. "मग हे तेव्हा फोनवर सांगायचं ना!"

"तुम्ही ओरडून राहिल्त्या," सर म्हणाले.

त्या माणसाशी आयुष्यात नीट भांडताही आलं नाही.

पुढं ते निवृत्त झाले. त्यांच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. मी जालन्याहून दुसऱ्या शाळेवर जाऊ लागले आणि आमची जीप सुटली. भेटी कमी झाल्या. सकाळी खिडकीतून शेतं दिसतात, मधे काही येत नाही.

मागच्या हंगामात मी रिक्षानं मोंढ्याकडं निघाले होते. पुढं सगळं तुंबलेलं. सोयाबीनचे ट्रॅक्टर, दुचाक्या, एक एसटी, सगळ्यांचे हॉर्न एकदम. पंधरा मिनिटं तरी काही हलेना. शेवटी मी उतरून पुढं गेले. रस्त्याच्या मधोमध पंजाबहून आलेलं एक मळणीचं मोठं यंत्र उभं होतं, आणि त्याच्या तोंडापुढं काळा चष्मा लावलेले रौफ सर. मान वर करून ते यंत्राच्या पत्र्यावर रंगवलेला गरुड निरखत होते, आणि पगडी बांधलेल्या ड्रायव्हरला हातवारे करून काहीतरी सांगत होते. कडेला भाजीची पिशवी घेऊन नसीमभाभी.

"मॅडम, तुम्हीच बोला आता यांना," भाभी म्हणाल्या. "पोलीस येऊन राह्यले."

"मी वीस वर्षं बोलले, भाभी."

सरांनी मला पाहिलं. ओळखीचं काही नाही, ख्यालीखुशाली नाही. नुसता हात वर केला: थांबा. मागून कुणीतरी त्यांच्या नावानं शिवी हासडली. पोलिसाची शिट्टी वाजली. तोवर ड्रायव्हर खाली उतरला होता. त्यानं वर पाहून हाक मारली, तसे यंत्राच्या टपावर झोपलेले दोघं उठून बसले, डोळे चोळत खाली आले. दिवसेंदिवस शेतातल्या धुळीत राहिलेली, घरापासून लांब आलेली पोरं. सर त्यांच्याशी काय बोलले ते हॉर्नमध्ये मला ऐकू आलं नाही. पण तिघंही यंत्राच्या बाजूच्या आरशापुढं गेले, आणि एवढा सगळा रस्ता खोळंबून उभा असताना, एकमेकांना ढकलत, तोंडावरची धूळ पुसू लागले.